एका कादंबरीचा नय

माणसाची आर्थिक आणि राजकीय मते कशी घडतात, असा प्रश्न केला तर घरातील संस्कार, शिक्षण, व्यवसायातील अनुभव आणि वर्तमानपत्रे ही कारणे सांगितली जातात. कादंबरीचे नाव या यादीत क्वचितच येते. अर्थशास्त्राचा ग्रंथ युक्तिवाद मांडतो, म्हणून वाचक त्याच्याशी वाद घालू शकतो. कादंबरी माणसे उभी करते. वाचक त्यांच्यावर प्रेम करतो, त्यांच्या शत्रूंवर रागावतो आणि पुस्तक मिटताना एक संपूर्ण जीवनदृष्टी घेऊन उठतो. ती आपण पारखून घेतली आहे असे त्याला वाटते. बहुतेक वेळा ती पात्रांवरील स्नेहाबरोबर नकळत आत आलेली असते.

आयन रँड यांची ‘अॅटलस श्रग्ड’ ही १९५७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली कादंबरी या प्रभावाचे ठळक उदाहरण आहे. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ती मराठीतही आली. व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे अनेक तरुण तिच्याकडे किंवा त्याच लेखिकेच्या ‘द फाउंटनहेड’ या १९४३ सालच्या कादंबरीकडे वळतात. व्यापार-उद्योगात असलेल्या जैन घरांतील तरुणही त्यांत आहेत. म्हणून हे पुस्तक काय करते, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

लेखिकेचा जन्म १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. १९१७ च्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ते जप्त केले आणि कुटुंब हलाखीत सापडले. लोककल्याणाच्या नावाने एका कष्टाळू माणसाची मिळकत कशी हिरावली जाते, हे त्या मुलीने बालवयातच पाहिले. १९२६ साली ती अमेरिकेत आली आणि पुढे आयुष्यभर एकच गोष्ट निरनिराळ्या रूपांत सांगत राहिली : माणसाची बुद्धी आणि श्रम यांवर इतर कोणाचाही हक्क नाही. या आग्रहामागची वेदना खरी होती.

‘अॅटलस श्रग्ड’ मध्ये ही वेदना महाकाय कथानक होऊन येते. डॅग्नी टॅगर्ट ही रेल्वे चालवणारी कर्तबगार स्त्री, हँक रीअर्डन हा नवा धातू शोधणारा पोलादाचा कारखानदार आणि जॉन गॉल्ट हा अद्भुत यंत्राचा निर्माता ही तिची प्रमुख पात्रे. सरकार त्यांच्यावर बंधनामागून बंधन घालते. नालायक माणसे गरजेच्या नावाने त्यांच्या कर्तृत्वाचा वाटा मागतात. अखेर कर्ती माणसे एकेक करून संप पुकारतात, डोंगरांतील एका गुप्त दरीत निघून जातात आणि त्यांच्याविना देश कोसळतो. सरकारचे काम पोलीस, सैन्य आणि न्यायालये यांपुरते असावे, बाजार पूर्ण मुक्त असावा आणि स्वहित हा दोष नसून सद्गुण आहे, हा या कथेचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष केवळ महाविद्यालयीन तरुणांच्या चर्चेपुरता राहिला नाही. अॅलन ग्रीनस्पॅन हे न्यूयॉर्कमधील एक तरुण अर्थतज्ज्ञ १९५० च्या दशकात रँड यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत सामील झाले. कादंबरीची हस्तलिखित प्रकरणे तेथे वाचली जात. आकडेवारीत रमणाऱ्या या गृहस्थांना अर्थव्यवहाराला नैतिक बाजूही असते, ही जाणीव त्या बैठकींत झाली. पुस्तकावर कठोर टीका झाली तेव्हा त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ला पत्र लिहून त्याचा कैवार घेतला. १९६३ साली रँड यांच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. व्यापाऱ्याला आपल्या नावलौकिकाची काळजी असते, तीच ग्राहकाचे उत्तम संरक्षण करते आणि सरकारी नियंत्रण त्या सचोटीला दुर्बल करते, असे त्यात प्रतिपादन होते. १९७४ साली राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख म्हणून त्यांचा शपथविधी झाला, तेव्हा रँड उपस्थित होत्या.

१९८७ ते २००६ या काळात ग्रीनस्पॅन अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष होते. १९९८ साली ब्रुक्सली बॉर्न या नियामक अधिकारी स्त्रीने बँकांमधील गुंतागुंतीच्या वायदा-करारांवर देखरेख असावी, असा विचार मांडला. ग्रीनस्पॅन यांनी त्याला विरोध केला. २००० साली झालेल्या कायद्याने असे बहुतेक करार नियंत्रणाबाहेरच ठेवले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर अर्थसंकट पसरले. २३ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर ग्रीनस्पॅन यांनी मान्य केले की, जग कसे चालते याविषयीच्या आपल्या विचारसरणीत एक उणीव आढळली आहे. कर्ज देणाऱ्या संस्था स्वहितासाठी तरी आपल्या भागधारकांचे रक्षण करतील, हा त्यांचा विश्वास होता. तसे घडले नाही, याचा त्यांना धक्का बसला होता.

येथे न्यायबुद्धी सोडता कामा नये. त्या संकटाची कारणे अनेक होती : स्वस्त कर्जे, घरांच्या किमतींचा फुगा, पतमानांकन संस्थांचा निष्काळजीपणा. सगळा भार एका कादंबरीवर टाकणे हेही अर्धसत्यच ठरेल. शिवाय रँड यांना मध्यवर्ती बँक ही कल्पनाच मान्य नव्हती. तिच्या प्रमुखपदी बसून त्यांच्या शिष्याने गुरूचे सर्व काही पाळले, असे म्हणता येत नाही. तरीही एवढे खरे की, तारुण्यात मनावर ठसलेले एक चित्र, म्हणजे नियंत्रक हा अडथळा आणि स्वहित हाच रक्षक, पन्नास वर्षांनंतरही एका अत्यंत बुद्धिमान माणसाच्या दृष्टीसमोर उभे होते.

जैन तरुणाला ही कादंबरी जवळची वाटते, त्याला कारण आहे. जैन दर्शनात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. आत्मा स्वतःच आपल्या कर्माचा कर्ता आणि भोक्ता आहे. त्याचा उद्धार दुसरा कोणी करीत नाही. पुरुषार्थाला येथे मोठे मोल आहे. कष्टाने मिळवलेल्या संपत्तीविषयी अपराधी वाटून घ्यावे, असे श्रावकाला कोणी सांगितलेले नाही. त्यामुळे गॉल्टची स्वावलंबनाची भाषा ओळखीची वाटते.

परंतु साम्य येथेच संपते. रँड यांचा ‘स्व’ म्हणजे निर्मिती आणि मिळकत करणारी व्यक्ती. जैन दर्शनाचा ‘स्व’ म्हणजे आत्मा, ज्याच्या दृष्टीने मिळकत हे परद्रव्य आहे. म्हणून श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे : आपली मर्यादा आपणच ठरवायची. ही मर्यादा सरकार लादत नाही, म्हणून रँड यांच्या आक्षेपाला ती पात्र होत नाही. आणि ती बाजारही ठरवत नाही, म्हणून रँड यांच्या उत्तरातही ती बसत नाही. नावलौकिकाची काळजी माणसाला सचोटीने वागवील, हा ग्रीनस्पॅन यांचा भरवसा होता. अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगणाऱ्या आचार्यांनी खोटी वजने-मापे, भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन यांचा स्पष्ट उल्लेख केला. लोभ नावलौकिकालाही ओलांडून जातो, हे त्यांना ठाऊक होते.

दानाविषयीही असेच. रँड यांचा रोष ऐच्छिक मदतीवर नव्हता. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देणे हे कर्तव्य आहे, या शिकवणीवर होता. ‘तत्त्वार्थसूत्र’ आणि त्यावरील टीका दानाला बळी मानत नाहीत. त्यात घेणाऱ्याचा उपकार आहे आणि देणाऱ्याच्या आत्म्याचेही हित आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात जीवांचे कार्य परस्परांवर उपकार करणे, असे म्हटले आहे. स्वार्थ की परार्थ, हा कादंबरीने उभा केलेला पेच येथे सुटतो.

या कथेत काय नाही, हेही पाहावे. तिच्या प्रमुख पात्रांपैकी कोणाच्याही पदरी मूल नाही. रीअर्डनच्या घरात आई आणि भाऊ आहेत. ते त्याच्या मिळकतीवर जगतात आणि त्यालाच दूषणे देतात. अशी घरे जगात आहेत, हे नाकारता येत नाही. पण ज्या घरात आजोबांच्या उधारीवर नातवाचे दुकान उभे राहिले, ज्या बोर्डिंगात अनोळखी दात्याच्या धान्यावर गावाकडची मुले शिकली, त्या घराला आणि त्या बोर्डिंगाला या कादंबरीत जागा नाही. कर्त्या पुरुषाला कर्ता कोणी केले, हा प्रश्न ती विचारत नाही.

जैन न्यायात वस्तूकडे पाहण्याच्या एका दृष्टीला नय म्हणतात. नय खोटा नसतो. सत्याचा एक अंश तो दाखवतो. मात्र तो इतर नयांना नाकारू लागला की त्याचा दुर्नय होतो. सत्तेने कष्टाची लूट करू नये, हा रँड यांचा नय आहे आणि रशियातील त्या दुकानाच्या दारात तो पूर्ण खरा होता. त्यालाच संपूर्ण सत्य मानले गेले, तेव्हा तो दुर्नय झाला. हाच धोका समतेच्या कादंबऱ्यांनाही आहे. १८६३ साली आलेल्या चेर्निशेव्हस्की यांच्या ‘काय करावे?’ या रशियन कादंबरीने लेनिन भारावले होते. १९०२ सालच्या आपल्या पुस्तिकेलाही त्यांनी तेच नाव दिले. पुढे त्यांच्याच क्रांतीने ते औषधांचे दुकान जप्त केले. एका कादंबरीच्या एकान्ताने दुसऱ्या कादंबरीच्या एकान्ताला जन्म दिला, असे म्हणण्यास जागा आहे.

तेव्हा घरातील मुलाच्या किंवा मुलीच्या हाती असे जाडजूड पुस्तक दिसले, तर ते काढून घेण्याचे कारण नाही. आईवडिलांनी तेही वाचावे. नंतर जेवताना त्याविषयी बोलावे : यातील कोणते म्हणणे पटले, कोणाची बाजू येथे मांडलीच गेली नाही, आपल्या पेढीचा हिशोब या तत्त्वाने लिहिला तर कोणाचे देणे वहीतून गळेल? मुलाने वडिलांना विचारावे की, आपण कर चुकवतो तेव्हा कोणते तत्त्व पाळतो. अशा प्रश्नांना उत्तर देणे वडिलांना जड जाईल. पण तेवढ्या प्रामाणिकपणानेच त्या घरात अनेकान्त हा शब्द पर्युषणातील प्रवचनापुरता उरणार नाही.