तिकिटावरचे तास आणि शरीराचे तास

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून वस्तीतली मुलंमुली आता लंडनला शिकायला निघतात. घरी पेढे वाटले जातात, लोणचं किती न्यायचं यावर वाद होतो. विमानात लेकराच्या शरीराचं काय होईल, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो, कारण दवाखान्यात नोकरी केली आहे.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. तिकिटावर लिहिलेलं असतं, दुपारी 1 वाजता सुटणार, संध्याकाळी साडेपाचला पोचणार. वाटतं, साडेचार तास तर आहेत! पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. म्हणजे खुर्चीत बसायचं दहा तास. त्यात नागपूर-मुंबई प्रवास आणि विमानतळावरचं ताटकळणं धरलं, की घरापासून घरापर्यंत वीस तास सहज होतात.

दुसरी गोष्ट हवेची. उडत्या विमानातली हवा 6 ते 8 हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर 5,400 फूट. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र कमी ऑक्सिजन आणि कमी पाणी, दोन्ही एकदम भोवू शकतं. विदर्भात हा आजार आपल्या समाजात किती घरांत आहे, ते आम्ही सांगायला नको.

एका मुलीची आई आम्हाला म्हणाली होती, “सिस्टर, कागदावर लिहू नका. पोरीचं लग्न व्हायचंय.” मुलगी एसएस, म्हणजे रुग्ण. कुणाला न सांगता गेली. अर्ध्या वाटेत हातपाय ठणकायला लागले. गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत, आणि सारखं पाणी मागायची लाज. उतरल्यावर तिला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. पण लपवण्याची ही सवय आम्हाला मान्य नाही. स्थळं बघणाऱ्यांपासून लपवलेलं दुखणं विमानापासून लपत नाही.

वाहक म्हणजे एएस असलेल्यांनी घाबरू नये, त्यांना सहसा त्रास होत नाही. रुग्णाने मात्र डॉक्टरांचं प्रवासाचं पत्र घ्यावं, विमान कंपनीला आधी कळवावं, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. नुकताच झटका येऊन गेला असेल तर तारीख पुढे ढकलावी. पाणी मागून मागून प्यावं, तासा-दोन तासांनी उठून चालावं. हे चालणं सगळ्यांसाठीच आहे. चार तासांहून जास्त एका जागी बसलं, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, मग ते विमान असो की रेल्वे.

शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्याकडे आमची मागणी आहे: निघण्याआधी सिकलसेलची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला मोफत द्या. अहवाल गुप्त ठेवा आणि त्यावरून कोणाचीही निवड रद्द करू नका. ही हमी मिळाली तर त्या आईसारख्या आया बोलतील.

तोवर पालकांनी एवढं करावं. पत्रासाठी आमच्याकडे बॅगा भरून झाल्यावर येऊ नका, तिकीट काढायच्या आधी या.