रात्री दोन वाजताची वीज

खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये मी सव्वीस वर्षं शिफ्ट केल्या. नवीन पोरगं आलं की आम्ही आधी त्याच्या हातात खराटा द्यायचो. त्याला वाटायचं, झाडलोट करायला लावतायत. पण अमोनियासाठी लागणाऱ्या हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही. एखाद्या फ्लँजमधून फुसफुसणाऱ्या वायूने पेट घेतला असेल, तर कळणार कसं? खराटा पुढे धरून सावकाश चालायचं. काड्या पेटल्या की जागच्या जागी थांबायचं.

अशा न दिसणाऱ्या वायूला आता रंग आलेत. नैसर्गिक वायूपासून आम्ही काढायचो तो करडा. त्यात किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यातून विजेने काढलेला तो हिरवा. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये त्यासाठी 19,744 कोटींचं मिशन मंजूर केलं. खतासाठी तो यावाच.

माझी शंका मीटरपाशी आहे. किलोभर हायड्रोजनला 50 ते 55 युनिट लागतात. आपल्या ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाची. युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. गुणाकार करा, 35 किलोच्या वर जातो. आमचा जुना प्लांट परवडला! आणि केंद्राच्या 2022 च्या हिरव्या हायड्रोजनच्या धोरणात ‘बँकिंग’ आहे: दुपारची सौर वीज ग्रिडमध्ये जमा करायची, तीस दिवसांत कधीही परत घ्यायची. रात्री दोन वाजता परत आलेली ती वीज कुठल्या बॉयलरची असते, हे शिफ्टवाल्याला विचारा. युरोपने 2030 पासून वीजनिर्मिती आणि वापर यांचा तासागणिक मेळ घालायचं ठरवलंय. आपणही तेच करावं, कारखाने उभे राहण्याआधी. नंतर कोण ऐकतंय!

गळतीचंही तसंच. हायड्रोजन हवेत सुटला की मिथेनला संपवणारे रेणू तोच खाऊन टाकतो, मग मिथेन जास्त दिवस टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हायड्रोजनची तापवण्याची ताकद वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट भरते. आमच्या खराट्याला फक्त पेटलेली गळती सापडायची. न पेटलेली वर निघून जायची, आणि लॉगबुकात आम्ही ‘सर्व ठीक’ लिहून सही करायचो.