मुलाखत की सोपस्कार?

विद्यापीठाच्या व्हरांड्यात उमेदवार ओळीनं बसलेले असतात. मांडीवर फाईल, फाईलमध्ये पीएच.डी. आणि नेट-सेटची प्रमाणपत्रं. आणि कानावर एकच कुजबुज : 'इथं आधीच कुणाचं तरी ठरलंय म्हणे!' वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबलेल्यांचं भवितव्य आता काही मिनिटांत ठरणार असतं. ही कुजबुज खोटी ठरवायची, तर मुलाखत घ्यावी कशी?

प्रश्न जुनाच आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचं प्रवेशाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा विद्यार्थ्यांची तक्रार होती की दोन-तीन मिनिटांत मुलाखत उरकली आणि प्रश्न विचारले ते आई-वडिलांविषयी, राहण्याच्या ठिकाणाविषयी! १९८० च्या निकालात कोर्टानं मुलाखतीला एकतृतीयांश गुण ठेवणं मनमानी ठरवलं. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असंही सुचवलं. नोकरीसाठी येणाऱ्या प्रौढ उमेदवारांच्या बाबतीत मात्र मुलाखतीला अधिक वजन देता येतं, असं कोर्टानंच पुढच्या वर्षी दुसऱ्या एका निकालात म्हटलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीत शिक्षण-संशोधनाला ५०, विषयज्ञान व अध्यापनकौशल्याला ३० आणि मुलाखतीला २० टक्के वजन होतं. २०१८ च्या नियमावलीनं हे गणितच बदललं. शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मात्र केवळ मुलाखतीवर! साहजिकच समितीची जबाबदारी कितीतरी वाढली.

ती पेलायला फार मोठं काही करावं लागत नाही. काय पारखायचं, हे पहिला उमेदवार आत येण्यापूर्वीच ठरवावं. सर्वांना सारखा वेळ आणि मूळ प्रश्न तेच द्यावेत. प्रत्येकाला फळ्यासमोर दहा मिनिटं शिकवायला सांगावं; प्राध्यापकाची खरी पारख तिथंच होते. प्रत्येक सदस्यानं आपले गुण चर्चेआधीच लिहून ठेवावेत, म्हणजे वजनदार आवाजामागं बाकीच्यांची फरफट होत नाही. सदस्याचा नातलगच उमेदवार असेल, तर त्या सदस्यानं संपूर्ण निवडीतूनच बाजूला व्हावं, असं सुप्रीम कोर्टानं १९८५ साली सांगितलंय.

आणि 'मूल लहान आहे, जमेल का?' हा प्रश्न तर कायमचा बंद व्हावा. समोर बसलेल्या पुरुषाला तो कुणी विचारतं का?

जागा एक, उमेदवार अनेक. बाकीचे रिकाम्या हातानं परतणारच. पण 'आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं,' एवढं समाधान त्यांना मिळायलाच हवं. निवडलेला माणूस पुढची पंचवीस-तीस वर्षं वर्गात उभा राहणार असतो आणि त्याच्यासमोर बसणार असतात ती आपलीच मुलं!