‘नको’ म्हणणाऱ्याचा कुत्रा

मुलांसाठी घरात कुत्रा आणावा, त्यामुळे त्यांना जबाबदारीची जाणीव होते, असा उपदेश हल्ली सर्रास ऐकू येतो. आम्हांला तो मान्य नाही. धडा शिकविण्याचे साधन म्हणून जिवंत प्राणी घरात आणणे हाच मुळात बेजबाबदारपणा आहे. आणि अशा वेळी घरातील जो एक जण ‘नको’ म्हणतो, त्याला निष्ठुर ठरविण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविरुद्ध हे लिहिणे आहे.

आमच्या घरी तो ‘नको’ म्हणणारा आम्हीच होतो. २००५ च्या पावसाळ्यात कन्या आणि चिरंजीव एक भिजलेले गावठी पिल्लू घेऊन दारात उभे राहिले. बदली झाली की याचे काय, एवढेच आम्ही विचारले. खाणेपिणे, फिरविणे, सगळे आम्ही करू, असे दोघांनी देवाशपथ सांगितले. करार पायरीपुरता होता. पंधरा दिवसांत मोत्या पायरीवरून ओसरीत आणि ओसरीवरून माजघरात आला, आणि महिन्याभरात पहाटेची साखळी आमच्या हातात आली. परीक्षा, शिकवणी, क्रिकेट ही मुलांची कारणे खोटी नव्हती. पण मूल दहा वर्षांचे असताना आणलेला कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो, आणि आपल्याकडची मुले अठराव्या वर्षी नागपूर-पुण्याची वाट धरतात. मधली वर्षे कोणाची, हा हिशेब पिल्लू आणण्याच्या दिवशी जो मांडतो, तोच ‘नको’ म्हणतो.

शासकीय सेवेत जे पाहिले तेही सांगणे भाग आहे. साहेबांच्या मुलांसाठी बंगल्यावर दिमाखात कुत्रा येतो. दोन-तीन वर्षांनी तबादल्याचा हुकूम निघतो. ट्रकमध्ये पलंग चढतात, फ्रिज चढतो, तुळशीची कुंडीसुद्धा चढते; कुत्रा मात्र चढत नाही. ‘चपराशी सांभाळील’ म्हणून गाडी निघते. चपराशाला विचारलेले नसतेच. गळ्यात पट्टा असलेला असा एक कुत्रा फाटकापाशी दोन महिने बसून राहिलेला आम्ही पाहिला आहे. येणाऱ्या प्रत्येक जीपकडे तो उठून पाही. कोठल्या गावी, कोणाच्या बंगल्यावर, ते सांगत नाही; ती एकाच बंगल्याची कथा नव्हे.

पाळलेल्या प्राण्याला उपासमार वा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला, कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड साखळीही येत नाही.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील भटके कुत्रे हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा आपल्या गावातही चर्चा रंगल्या. नगरपालिकेला बोल लावणाऱ्यांत, ज्यांनी स्वतः एखादा कुत्रा ‘शेतावर सोडला’ तेही होते. शेतावर सोडलेला कुत्रा शेतावर राहत नाही. कान्हाचे मुक्की फाटक आपल्याच जिल्ह्यात आहे. तिकडच्या गावांत लस न टोचलेला कुत्रा फिरला, तर डिस्टेंपरसारखा रोग रानातल्या मांसभक्षकांपर्यंत पोचू शकतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली या रोगाने सुमारे एक हजार सिंह गेले. २०१८ साली आपल्या गीरमध्येही त्याने सिंहांचा बळी घेतला.

यावर कोणी विचारील, मग तुमचा मोत्या तुम्हांला शेवटपर्यंत नकोसाच वाटला काय? नाही. पुढे आमच्या दोन बदल्या झाल्या. दोन्ही वेळा तो ट्रकमध्ये आमच्या पायांशी बसून आला. मराठी घरांतूनही कुत्र्याला ‘सिट’ आणि ‘कम’ म्हणण्याची रीत आहे. आमचा ‘ये’ म्हटल्यावर येई, आणि कोणी ‘आओ’ म्हटले तर मान वळवी. मुले गेल्यावर संध्याकाळी आम्हां दोघांखेरीज घरात मराठी समजणारा तोच उरला होता. २०१८ च्या थंडीत तो गेला. चिरंजीव दूरध्वनीवर रडले. लिंबाखाली खड्डा आम्ही खणला.

म्हणून आमचे म्हणणे ‘कुत्रा पाळू नका’ असे नाही. ज्याच्या गळ्यात तो अखेर पडणार, त्याला आधी विचारा, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर तेथेच थांबा. एकदा आणलात, तर मग सुटका नाही. महाप्रस्थानात धर्मराजाने कुत्रा आणला नव्हता, तो आपणहून मागे लागला होता. तरी स्वर्गाच्या दारात त्याला सोडण्यास तो तयार झाला नाही. आपण तर बदलीच्या दारातच सोडतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. नातवाला लॅब्राडोर हवा आहे, सूनबाई ‘नको’ म्हणतात, तुम्ही जरा समजवा, असे म्हणाले. आम्ही विचारले, सदनिका दोन खोल्यांची, नोकरी फिरतीची; उद्या बदली झाली तर तो कोठे राहील?

‘तुमच्याकडे, बालाघाटला,’ असे ते चटकन म्हणाले, आणि मग बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही.