आधी नोकराला धरा

परभणीत वसमत रोडच्या एखाद्या बंगल्यातून सोनं हरवलं, की घरच्यांचं पहिलं बोट धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे जातं. फौजदारी वकिली करताना अशा बायांची वकीलपत्रं मी घेते आणि मला बडोद्याचा विषप्रयोगाचा खटला आठवतो.

9 नोव्हेंबर 1874. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले. टेबलावरचं पपनसाचं सरबत दोन-तीन घोट प्यायले, मळमळलं म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. फेअर वाचले, आरोप आला थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. तो सिद्ध करायला हाताशी होती ती रेसिडेन्सीची नोकरमाणसं: रावजी हवालदार, नरसू जमादार, अमीना आया, पेद्रो बटलर. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रावजीला माफीचं वचन मिळालं आणि त्याने कबुली दिली. विषप्रयोगानंतर कित्येक आठवड्यांनी त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही पोलिसांच्याच माणसाला. स्वतःच्या गळ्याचा फास असा पट्ट्यात जपून ठेवणारा गुन्हेगार मला पटत नाही. नरसूने तर विहिरीत उडी घेतली. पेद्रो बटलर मात्र नाहीच म्हणत राहिला.

आरोपाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगात सहा जण होते. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटला नाही. तरी एप्रिल 1875 मध्ये सरकारने गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना गादीवरून काढलं. महाराजांसाठी सार्जंट बॅलंटाईनसारखा नामांकित बॅरिस्टर विलायतेहून आला. कोठडीत बसलेल्या रावजी-नरसूच्या बाजूने कोण बोललं?

माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली आपल्याच जिल्ह्यातल्या मानवत खून खटल्यात पुन्हा बजावलं. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. पण गरीब बाईच्या बाबतीत निकाल न्यायालयाआधीच लागतो. दिवसभर ठाण्यात बसवून संध्याकाळी सोडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी काम देत नाही. अंगठी पुढे कपाटातच सापडली, तरी त्या घरून माफी मागायला कुणी येत नाही. हे मी पाहिलं आहे आणि त्याची चीड येते.

चोरी झाली तर तक्रार जरूर द्या. पण संशयाला आधार काय, तेही लेखी द्या. साक्षीदार बाईची चौकशी ती राहते तिथेच जाऊन करायची, असं कायदा सांगतो. पोलिसांना त्याची आठवण तुम्हीच करून द्या. आणि फोन फिरवण्याआधी कपाट पुन्हा एकदा उपसा.