घर आम्हीच विकू, तेवढी परवानगी वेळेत द्या

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

महोदय,

हे पत्र कर्जमाफीसाठी नाही. व्याज सोडा, हप्ते पुढे ढकला, असंही काही मागायचं नाही. कर्ज आवाक्याबाहेर गेलं की राहतं घर विकून मोकळं व्हावं, अशा मताचा मी आहे आणि आमच्या इचलकरंजीत ते तोंडावर बोलून वाईटपणाही घेतला आहे. मागणं एवढंच, की ज्याला घर विकून बँकेचं देणं फेडायचं आहे त्याला ते स्वतःच्या हाताने, बाजारभावाने विकता यावं.

आमच्याकडे खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ. सुताचा भाव आठवड्यात फिरतो, कापड उधारीवर जातं, पार्टीचं पेमेंट महिनोन्महिने येत नाही, विजेचं बिल मात्र ज्या त्या महिन्याला येतं. खेळत्या भांडवलासाठी घर तारण पडतं, मिळकत पत्रिकेवर बोजा चढतो. इथवर काही गैर नाही, धंदा असाच चालतो. गैर पुढे घडतं. हप्ता चुकू नये म्हणून आधी बायकोचं सोनं जातं. मग पतसंस्था. मग भिशी तोटा सोसून आधीच उचलायची. शेवटी महिना तीन टक्क्यांचा सावकार. म्हणजे वर्षाला दहा-बारा टक्क्यांचं बँकेचं कर्ज फेडायला माणूस वर्षाला छत्तीस टक्क्यांचं कर्ज काढतो! हिशेब न येणारी ही माणसं नव्हेत. मीटरमागे किती पैसे सुटतात हे त्यांना तोंडपाठ असतं. पण वडिलांनी बांधलेलं घर काढलं हे भावकीला कसं सांगायचं, मुलीचं लग्न ठरायचंय, दारावर नोटीस लागली तर स्थळं येतील का, या धाकापुढे टक्केवारी टिकत नाही. घर विकायचा निर्णय म्हणूनच नेहमी दोन वर्षं उशिरा होतो. त्या दोन वर्षांचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही.

दोष त्यानंतरचा आहे. एकदाचा निर्णय झाला, भावांच्या सह्या जमल्या, बहिणीने हक्कसोड पत्र करून दिलं, की त्या माणसाला कळतं, तोवर आपलं खातं 'एनपीए' झालेलं आहे. ९० दिवस थकबाकी राहिली की खात्याला तो शिक्का बसतो आणि न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याची नोटीस येते. कलम १३(२) प्रमाणे ६० दिवसांत सगळी रक्कम भरा, अशी ती असते. आपण जाणताच, त्याच कलमाचं तेरावं पोटकलम सांगतं की नोटीस मिळाल्यावर कर्जदाराने बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय तारण मालमत्ता विकता कामा नये. ही अट रास्त आहे. तारण परस्पर विकलं जाऊ लागलं तर बँका चालायच्या कशा? पण संमती मागितल्यावर बँकेने किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे त्या पोटकलमात नाही. नोटिशीवर आक्षेप घेतला तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तशी स्पष्ट तरतूद आहे. भांडणाऱ्याला पंधरा दिवसांत उत्तर मिळतं आणि घर विकून पैसे भरतो म्हणणाऱ्याला किती दिवसांत, ते कुणीच सांगत नाही.

शिवाय नोटिशीत हे पोटकलम मनाईच्या भाषेत छापलेलं असतं. ते वाचून निम्मे लोक समजतात की आता घर विकताच येत नाही आणि हात बांधून बसतात. बँकेची संमती मागता येते, हे त्यांना लिलावानंतर कुणीतरी वकील सांगतो.

माझ्या परिचयातल्या एका यंत्रमागधारकाला ते वेळेत कळलं होतं. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं, विसाराची रक्कम ठरली होती, साठेखताचा मसुदा तयार होता. त्याने शाखेत अर्ज दिला. शाखेने विभागीय कार्यालयाकडे बोट दाखवलं, त्यांनी वसुली विभागाकडे, वसुली विभागाने 'अधिकृत अधिकाऱ्या'कडे. हे साहेब दौऱ्यावर. दरम्यान घेणाऱ्याची बँक मूळ कागदपत्रांच्या प्रती आणि येणे रकमेचं पत्र मागत होती. ते पत्र मिळालं तेव्हा त्यावरची मुदत संपत आली होती. गिऱ्हाईक किती थांबणार? त्याने दुसरीकडे घर घेतलं. त्या बँकेचं नाव मी लिहीत नाही, कारण याच नमुन्याच्या गोष्टी मी इतर बँकांच्या कर्जदारांकडूनही ऐकल्या आहेत.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. ताब्याची नोटीस दाराला चिकटवली आणि दोन वर्तमानपत्रांत नाव-पत्त्यासह छापून आली, त्यातलं एक इथल्या भाषेतलं, म्हणजे सगळ्या गल्लीने वाचलेलं. सप्टेंबर २०२३ पासून तर ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी कर्जदारांच्या तपशिलासह संकेतस्थळावर लावायलाही आपणच सांगितलं आहे. मग लिलावाची जाहीर सूचना. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती प्रसिद्ध झाली की पैसे भरून मालमत्ता सोडवायचा कर्जदाराचा हक्क संपतो, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं आहे. दाद मागायची तर ऋणवसुली न्यायाधिकरण पुण्याला. आठ तारखा पडल्या तर वकील, प्रवास आणि बुडालेले रोजगार यांतच पुढच्या घराची अनामत संपते.

आता रुपयांत बोलू. समजा घर साठ लाखांचं आहे आणि देणं अडतीस. मालकाने स्वतः विकलं तर बावीस लाख हातात राहतात. सावकार मिटतो, भाड्याची जागा मिळते, दोन माग पुन्हा सुरू होतात. तेच घर लिलावात जातं 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर, आत माणसं राहत असताना. घेणारा ताब्याची आणि कज्जाची जोखीम धरूनच बोली लावतो. पहिल्या वेळी बोली आली नाही की राखीव किंमत उतरते. समजा पंचेचाळीसला गेलं. मधल्या वर्षाचं व्याज, जाहिरातीचा, मूल्यांकनाचा, ताब्याचा खर्च, सगळा कर्जदाराच्याच खात्यावर. बावीसच्या जागी दोन-तीन लाख उरतात आणि सावकार दारात तसाच उभा. लिलावात देणं पुरतं फिटलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा न्यायाधिकरणात जाऊ शकते. बँकेलाही यात काय मिळालं? अडतीस लाख आणि व्याज, पण वर्षभर उशिरा. मधले पंधराएक लाख ना बँकेला गेले ना कर्जदाराला. लिलावांवर टपून बसणाऱ्यांची एक जमात आमच्या भागात तयार झाली आहे, ती त्यावर जगते.

वसुली अधिकारी यावर म्हणतील, असं घर विकायला मुदत दिली की लोक खोटी गिऱ्हाइकं आणून वेळ काढतील, मेहुण्याच्या नावावर निम्म्या भावात घर करतील. असे लोक आहेत, मी नाकारत नाही. ठेवीदाराचा पैसा अडकला की काय होतं हे पीएमसी बँकेच्या निमित्ताने २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं आहे. माझ्याही ठेवी सहकारी बँकेतच आहेत. पण या लबाडीवर इलाज सोपा आहे. घराचं मूल्यांकन बँकेच्याच मूल्यांककाने करावं, त्याखालच्या व्यवहाराला संमती देऊ नये. विसाराची रक्कम थेट कर्जखात्यात भरून घ्यावी. सवलत एकदाच आणि मोजून ९० दिवसांची असावी. खोटं गिऱ्हाईक पाच-सहा लाखांचा विसार कर्जखात्यात भरत नाही.

हे सगळं कायदा न बदलता आपल्याला करता येईल. तसं आपण एकदा केलंही आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्या, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्या, असा आदेश आपल्या बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. त्याआधी लोक त्या कागदांसाठी चपला झिजवत होते. तोच न्याय संमतीच्या अर्जाला लावा. कर्जदाराने गिऱ्हाइकाच्या लेखी प्रस्तावासह अर्ज दिला की १५ दिवसांत होकार किंवा कारणांसह नकार. त्याबरोबर येणे रकमेचं, निदान ४५ दिवस चालेल असं पत्र. अर्जावर निर्णय होईपर्यंत लिलावाची सूचना नाही. आणि कलम १३(२) च्या नोटिशीतच, पहिल्या पानावर, मराठीत, की संमती घेऊन घर तुम्ही स्वतः विकू शकता, अर्ज अमुक अधिकाऱ्याकडे करा.



सहकारी बँकांना यातून वगळू नका, ही शेवटची विनंती. सरफेसी त्यांनाही लागू आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं, तेही आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात. इचलकरंजीतली पुष्कळ घरं तारण आहेत ती अशाच बँकांकडे. मोठ्या बँकांना आधी आणि सहकारींना दोन वर्षांनी, असं झालं तर या गावापुरता आदेश निघाला काय आणि न निघाला काय.

कळावे,
आपला विश्वासू,
इचलकरंजीतला एक ठेवीदार