आकाशातील साक्षीदार

पीक कसे आले, हे आजवर बांधावर उभे राहून ठरविले जात असे. आता तोच प्रश्न शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहालाही विचारला जातो. दुष्काळ जाहीर व्हावयाचा की नाही, विम्याची भरपाई मिळावयाची की नाही, हे काही अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून राहू लागले आहे. शहरातील वाचकास ही गोष्ट दूरची वाटेल. परंतु तूरडाळीचा भाव चढला की ज्या घरचा महिन्याचा हिशेब विसकटतो, त्या घरालाही पिकाचा खरा अंदाज वेळेवर कळणे तितकेच अगत्याचे आहे.

या विद्येचे मूळ आपल्याकडे नवे नाही. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातील नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली आणि रोगट झाडे ओळखण्यात आली. १९८८ साली आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. २०१२ साली दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उभे राहिले. तत्त्व सोपे आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते; रोप सुकू लागले की हा फरक कमी होतो. खरिपातील ढग या दृष्टीच्या आड येतात. परंतु रडारच्या लहरी ढगांना भेदून जातात. जुलै २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह याच जातीचा आहे.

या साधनाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पैसेवारीच्या पद्धतीत अंदाज, दिरंगाई आणि क्वचित दडपण यांना किती वाव होता, हे ग्रामीण भागाशी संबंध असलेल्या कोणासही सांगावयास नको. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, पेरणी व जमिनीतील ओलावा यांच्या जोडीला उपग्रहाने मोजलेली वनस्पतींची स्थितीही विचारात घेतली. तिच्या आधारे २०१८ साली महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. उपग्रहाला कोणाची भीड नसते, हा त्याचा मोठाच गुण होय.

परंतु भीड नसणे म्हणजे सर्व काही दिसणे नव्हे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचा घात केला, तो बोंडाच्या आत शिरून. वरून पाहणाऱ्याला झाड हिरवेच दिसावे. शेंगाच न धरलेले सोयाबीनही हिरवे असते, आणि तणही हिरवेच असते. त्यातून आपली शेते लहान. एकाच तुकड्यात सोयाबीनच्या ओळींमधून तुरीच्या ओळी. अशा शिवारात आकाशातून मोजलेली हिरवाई आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर पडलेले धान्य यांत अंतर पडणारच.

हे अंतर आता पैशाचे झाले आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ पासून भात व गहू यांच्या उत्पन्नाचा अंदाज घेताना तंत्राधारित मापनाला किमान ३० टक्के भार देण्याचे ठरले. पीक कापणी प्रयोग करणाऱ्या कर्मचाऱ्याला निदान शेतकरी गाठू शकतो, त्याला दोन प्रश्न विचारू शकतो. संगणकातून निघालेल्या आकड्याला त्याने काय विचारावे?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. ज्या आकड्यावर निर्णय होणार, तो गावाच्या नकाशासह, समजेल अशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. उपग्रहाचा अंदाज आणि कापणी प्रयोग यांत मोठी तफावत आढळेल तेथे शेतकऱ्यांच्या समक्ष फेरपाहणी झाली पाहिजे, आणि तीही शेत मोकळे होण्यापूर्वी. आणि वरून दिसते, या सबबीखाली खाली जाऊन पाहणाऱ्या माणसांची संख्या घटविली जाऊ नये. कारण त्यांनी केलेल्या मोजणीशी ताडून पाहिल्याखेरीज उपग्रहाचा अंदाजही विश्वासास पात्र ठरत नाही.

उपग्रह हा उत्तम साक्षीदार आहे. मात्र साक्षीदार कितीही निःपक्षपाती असला तरी त्याची उलटतपासणी होते, आणि निकाल न्यायाधीशच देतो. ज्याचे वर्षभराचे कष्ट पणाला लागले आहेत, त्या शेतकऱ्याला ही उलटतपासणी करण्याचा हक्क देणे, एवढे तरी सरकारने केलेच पाहिजे.